आबांनी गिळलेले शेंगदाणे

तुमच्या घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाने काय काय खायचं सोडलं आहे, हे तुम्हाला सांगता येईल का? ते काय खातात, हे मी विचारत नाही. ते ताटात दिसतं. सोडलेलं ताटात दिसत नाही.

आमच्या घरात हे कुणालाच सांगता आलं नसतं. मी तेव्हा परभणीच्या कॉलेजात शिकत होते आणि आमच्या झरी गावाहून रोज एसटीने ये-जा करत होते. मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर अजून व्हायचं होतं. वडील चळवळीच्या सभांतून उरलेली पत्रकं घरी आणत. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी लहानपणी अक्षरं गिरवली आणि छापील बाजू आबांना वाचून दाखवली. आबा म्हणजे वडिलांचे वडील. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण पत्रकातलं कुठलं वाक्य नुसतंच दणदणीत आहे हे त्यांना लगेच कळायचं. "हे बोलायला बरं हाय," एवढंच म्हणायचे आणि पुढचं वाच म्हणून हात हलवायचे.

त्या दोन-तीन वर्षांत आबांचे दात एकेक करत गेले. खाली पुढे दोन उरले. जेवायला ते सगळ्यांच्या नंतर बसू लागले, तेही आमच्याकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून. प्रत्येक घासाला पाण्याचा घोट. आई विचारायची, "मामंजी, भाकर चावतीय ना?" ते म्हणायचे, "चावतीय की." अंगातला सदरा मात्र महिन्या-महिन्याला ढिला होत होता. आईला वाटायचं, पोटाचा काही आजार असावा. तिने दवाखान्यातून पोटाचं औषध आणलं. आबांनी तेही निमूटपणे घेतलं.

चावत नाही असं म्हाताऱ्याने चारचौघांत म्हटलं की आमच्याकडे बोल सुनेला लागतो. सून वाळकी भाकर पुढे टाकते, असं गल्ली म्हणते. आबांना ते माझ्या आईच्या वाट्याला येऊ द्यायचं नव्हतं. ही गोष्ट मला फार नंतर उमगली.

मग गावात दवंडी झाली. शहरातून दातांचे डॉक्टर शाळेत येणार होते आणि ज्यांना खरोखर चावता येत नाही, त्यांना फुकट कवळी बसवून देणार होते. त्या दिवशी आबा भल्या सकाळी धुतलेलं धोतर नेसून तयार झाले. त्यांनी स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही, म्हणून वाटेत त्यांनी जे विचारलं ते लक्षात राहिलं. "माय, कवळीनं हुरडा खाता येतो का गं?" उभा जन्म त्यांनी दुसऱ्यांच्या शेतात ज्वारी राखली होती. आगटीत कणसं भाजून, हातावर चोळून, लोकांना हुरडा खाऊ घालणारा माणूस तो. गेल्या हिवाळ्यात त्यांनी कणसं भाजली होती, पण एक दाणाही तोंडात टाकला नव्हता.

शाळेत बाकांवर म्हातारी माणसं ओळीने बसली होती. दात जवळपास सगळ्यांचेच गेले होते आणि कवळ्या थोड्या, म्हणून कुणाला उरल्या दातांनी, हिरड्यांनी अजून चावता येतं, हे डॉक्टर आधी तपासत होते. पद्धत सोपी होती. भाजलेले शेंगदाणे द्यायचे, ते चावायला लावायचे, मग गिळू न देता पांढऱ्या वाडग्यात थुंकायला सांगायचं. त्यात पाणी घालून ते चाळणीतून ओतायचं. चाळणीवर मोठे तुकडे राहिले तर चावणं होत नाही. खाली बारीक पीठ गेलं तर होतं.

पद्धत चुकीची नव्हती. पण वाडगा रिकामाच राहत होता. आमच्या गल्लीतली एक म्हातारी शेंगदाणे गिळून बसली आणि म्हणाली, "एवढ्यानं काय कळायलंय? अजून एक मूठ द्या, मंग सांगते."

आबांनीही गिळले. डॉक्टरांनी पुन्हा समजावलं, पुन्हा शेंगदाणे दिले. आबांनी पुन्हा गिळले आणि तोंड उघडून दाखवलं. तरुण डॉक्टर वैतागले होते. त्यांनी सरळ विचारलं, "बाबा, भाकरी चावता येते का?" आमच्याबरोबर आलेली आई दारात उभी होती. अर्धं गाव ऐकत होतं.

"येते की."

डॉक्टरांनी पुढच्याला बोलावलं.

मला राग आवरला नाही. मी पुढे होऊन डॉक्टरांना सुनावलं. आमच्या माणसांच्या गळ्यात थुंकायला मडकं बांधणारा हा समाज आहे आणि आज तुम्ही त्याच माणसांपुढे थुंकायला वाडगा धरता, तर ती थुंकतील कशी? मागून कुणीतरी म्हणालं, "पोरगी भाषण करायलीय."

आबांनी माझं मनगट धरलं. "दम धर, माय. तू म्हणतीस ते खरं हाय, पण माझं ते न्हाई. भांड्यात थुकलो असतो मी." मग ते डॉक्टरांकडे वळले. "साहेब, बहात्तरच्या दुष्काळात आमी धान्याचा दाणा बघितला न्हाई. खडी फोडायच्या कामावर सुकडी मिळायची ती लेकरांच्या तोंडात घातली. तवापासून तोंडात गेलेलं अन्न मला भाईर काढवत न्हाई."

डॉक्टर म्हणाले, "पण तंबाखू थुंकता की, बाबा."

"तंबाखू अन्न हाय का?"

सगळी ओळ हसली. डॉक्टरही हसले, आणि हसता हसता थांबले. त्यांनी पेटीतून कवळीच्या मापासाठी आणलेलं गुलाबी मेण काढलं, काडेपेटीच्या काडीवर जरा ऊब दिली आणि बोटभर तुकडा आबांच्या हातावर ठेवला. "हे अन्न नाही. चावा आणि बाहेर काढा."

आबा बराच वेळ जबडा हलवत राहिले. मग त्यांनी तुकडा काढून डॉक्टरांना दिला. मेण चेपलं होतं, पण तुटलं कुठेच नव्हतं. एका कडेला दोन दातांच्या दोन खुणा होत्या. बाकी सगळं गुळगुळीत. डॉक्टरांनी तो तुकडा आईला दाखवला. तिने तो उलटासुलटा करून पाहिला.

"मामंजी, मग रोज भाकर कशी खात होता?"

"गिळत हुतो."

आईने पदर तोंडाला लावला. गल्लीतल्या म्हातारीने लगेच हात पुढे केला, "मलाबी मेण द्या." त्यानंतर ओळीतल्या सगळ्यांनाच मेण दिलं गेलं.

आबांचं माप घेतलं गेलं. घरी येताना मी विचारलं, काय काय सोडलंत? त्यांनी चालता चालता सांगितलं: फुटाणे, कच्चा कांदा, शेंगा, भाकरीचा कडक पापुद्रा, पेरू, हुरडा. आई दोन पावलं मागे होती. त्या दिवसापासून ती भाकर ताज्या आमटीत कुस्करून देऊ लागली आणि आबांचं ताट आमच्या ताटांबरोबर मांडू लागली.

कवळी हिवाळ्यात आली. आठवडाभर हिरड्या सोलवटल्या, आबांनी दोनदा ती फेकून देण्याची भाषा केली, एकदा डॉक्टरांकडे जाऊन ती घासून आणली. मग कणसं भरात आली. आबांनी आगटी पेटवली, हुरडा चोळला आणि या वेळी पहिली मूठ स्वतःच्या तोंडात टाकली. कवळीखाली दाणे अडकतात, अशी त्यांनी तक्रार केली. कवळी काढून धुतली, पुन्हा बसवली आणि दुसरं कणीस मागितलं.

माझं एवढंच मागणं आहे. आज जेवताना घरातल्या म्हाताऱ्या माणसाशेजारी बसा. चावतंय का, असं विचारू नका, कारण उत्तर "चावतंय की" असंच येईल. आधी सुनेला, लेकीला कुणीही दोष देणार नाही, असं घरात सगळ्यांसमोर सांगा. मग विचारा, काय काय खायचं सोडलंत? आणि ते सांगून होईपर्यंत ताटावरून उठू नका.