शनिवारची पुडी

डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. मणके एकावर एक रचलेल्या डब्यांसारखे दिसत होते आणि त्यातला एक पुढून चेपला होता. "व्हर्टिब्रल कॉम्प्रेशन फ्रॅक्चर," ते म्हणाले. म्हणजे मणका भाराखाली दबून मोडलेला. "पडलात का कुठे?"

मी पडलो नव्हतो. मी फक्त खोकलो होतो.

मी चौतीस वर्षांचा आहे. सिस्टिक फायब्रोसिस, म्हणजे सीएफ, मला जन्मापासून आहे, पण कळलं अकराव्या वर्षी. या आजारात शरीरातले स्राव घट्ट होतात. छातीत चिकट कफ साचतो, आणि पॅन्क्रियाज म्हणजे स्वादुपिंडाचा पाचकरस आतड्यात पोचत नाही, म्हणून काहीही खाल्लं की एन्झाइमच्या कॅप्सूल घ्याव्या लागतात. इतकी वर्षं प्रत्येक डॉक्टरने माझी छाती तपासली. हाडांचं नाव कुणी काढलं नाही. हा माझा राग आहे, आणि तो पुरता गेलेला नाही, हे आधीच सांगतो.

माझा धंदा बंद पडणाऱ्या ऑफिसांतलं फर्निचर उचलण्याचा. आमच्या शहरातल्या कोरमंगला भागात स्टार्टअप जितक्या उघडतात, जवळजवळ तितक्याच मिटतात. कोल्हापुरातून एकोणिसाव्या वर्षी एक बॅग आणि औषधाची वाफ देणारा नेब्युलायझर घेऊन इथे आलो, आणि जे काही उभं केलं ते भाव पाडून. त्यामुळे डेक्सा स्कॅनचा रिपोर्ट हातात आला तेव्हाही मी तेच केलं. डेक्सा म्हणजे हाडांची घनता मोजणारा एक प्रकारचा एक्स-रे. काही दुखत नाही, थोडा वेळ पडून राहायचं. त्यात झेड-स्कोअर येतो, म्हणजे आपल्याच वयाच्या माणसांशी तुलना. तो उणे दोनच्या खाली गेला की हाडं वयाच्या मानाने विरळ. माझा उणे तीन पूर्णांक दोन दशांश होता. मी म्हटलं, मशीन बिघडलं असेल. पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, हेब्बाळला जाऊन दुसरा करून घेतला. तो उणे तीन पूर्णांक चार दशांश निघाला.

माझी बायको मानसी रिपोर्टचा कागद घडी घालत म्हणाली, "आणखी एका दुकानात विचारायचं का?"

त्यानंतरचे दिवस मला नीट लिहिता येणार नाहीत. सीएफच्या माणसाला रोज सकाळ-संध्याकाळ खोकून कफ काढावाच लागतो. पण आता प्रत्येक खोकल्याला पाठीत खिळा ठोकल्यासारखं व्हायचं. मी खोकला दाबायला लागलो. मानसीला सांगायचो, आज छाती मोकळी आहे. ती माझ्या पाठीला कान लावायची आणि आतली घरघर ऐकून उठून जायची.

नवव्या दिवशी ताप चढला. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आमच्या घरून हॉस्पिटलला जाताना एक्स्प्रेसवेच्या प्रत्येक सांध्यावर कॅब दचकायची आणि माझ्या तोंडून आवाज निघायचा. मानसी ड्रायव्हरला विनवत होती, "अण्णा, स्वल्प निधान." जरा हळू. तो बिचारा बैलगाडीसारखी गाडी चालवत होता.

ॲडमिट केल्यावर डॉक्टर स्पष्ट बोलले. "दुखतंय म्हणून कफ आत ठेवलात तर फुप्फुसं जातील. हाडाला वेळ देता येतो, फुप्फुसांना नाही." खोकलो तर आणखी एखादा मणका जाईल ही भीती, आणि न खोकलो तर श्वास जाणार हे नक्की. दोन्हीकडून तोटाच असलेला सौदा मी कधी केला नव्हता. छताकडे बघत पडून राहिलो आणि मनात हिशेब मांडला, आधी काय जाईल.

फिजिओथेरपिस्टने एक उशी पोटाशी घट्ट धरायला शिकवली. वेदनाशामक दिल्यावर अर्ध्या तासाने, उशी आवळून, तोंड उघडं ठेवून हा, हा असा श्वास बाहेर फेकायचा. मी रडत रडत ते करायचो.

तिसऱ्या दिवशी व्हिटॅमिन डीचा रिपोर्ट आला. हे व्हिटॅमिन नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम हाडापर्यंत पोचत नाही. माझ्यात ते जवळजवळ नव्हतंच.

मग माझा तोल गेला. नऊ वर्षं, दर आठवड्याला, एकदाही न चुकता मी डीची पुडी घेत होतो. मी डॉक्टरांवर ओरडलो, एक तर औषध बनावट आहे नाहीतर तुम्ही सगळे झोपला होतात, आणि काय ते मला लेखी द्या. नर्सने दार लावून घेतलं. ओरडण्याने खोकला आला, खोकल्याने पाठ पेटली आणि माझं भाषण तिथेच संपलं. डॉक्टरांनी फक्त पाण्याचा ग्लास पुढे केला.

दुपारी आहारतज्ज्ञ शैलजा आल्या. हिंदीत बोलत होत्या, मध्येच कन्नड. स्टूल ओढून बसल्या.

"पुडी कधी घेता?"

"शनिवारी सकाळी."

"कशासोबत?"

"पाण्यासोबत."

"त्यानंतर काय खाता?"

मी मानसीकडे बघितलं. मानसी बोलली. "शनिवारी त्यांचा उपास असतो."

माझं निदान झालं तेव्हा आईने मारुतीला नवस केला होता. तेव्हापासून माझा शनिवार. दिवसभर एक कोरा चहा, संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी, आणि कॅप्सूल तेव्हाच. आठवड्यातून एकदा घ्यायची पुडी विसरू नये म्हणून मीच ती शनिवारला बांधली होती. कारण शनिवार मी कधी चुकवत नव्हतो.

शैलजा रागावल्या नाहीत. म्हणाल्या, हे व्हिटॅमिन स्निग्धातच विरघळतं. तूप-दूध असलेलं खाणं आणि सोबत कॅप्सूल, तरच ते तुमच्या अंगी लागणार. रिकाम्या पोटी आत गेलं आणि बहुतेक तसंच बाहेर पडलं.

"नऊ वर्षं," मी म्हटलं.

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

डॉक्टर नंतर म्हणाले की कारण एवढंच नाही. स्टेरॉइड, सततचा संसर्ग, कमी वजन, हे सगळंच हाडं खातं. त्यात माझ्या शनिवारचा वाटा किती, असं मी विचारलं. त्यांनी आकडा दिला नाही. तीन हॉस्पिटलांच्या फायलींत 'व्हिट डी चालू ठेवा' असं लिहिलेलं आहे. कशासोबत, हे एकानेही विचारलं नाही. आणि मीही आपणहून कधी सांगितलं नाही, कारण उपासाची गोष्ट डॉक्टरांना कशाला सांगायची.

तुम्हाला किंवा घरात कुणाला सीएफ असेल तर सांगा. सगळं सांगा. उपास, पथ्य, आयुर्वेदिक काढे, सगळं. आणि डेक्सासाठी मणका मोडायची वाट बघू नका, स्वतः मागा.

हाडांची झीज रोखणारं झोलेड्रोनिक ॲसिड सलाइनमधून देतात. पण डी वाढल्याशिवाय आणि, जबड्याच्या हाडाला अपाय होऊ नये म्हणून, दात तपासल्याशिवाय देता येत नाही. म्हणजे थांबणं आलं.

शुक्रवारी वॉर्डमधूनच आईला फोन केला. पुडीचं सांगितलं नाही. कुणाचीही चूक पकडली की ती त्याच्या तोंडावर मारल्याशिवाय मला चैन पडत नाही, पण हे सांगितलं नाही. वजन वाढवायचंय, डॉक्टर उपास सोडा म्हणतात, एवढंच बोललो.

ती म्हणाली, "बरं. तुझा शनिवार मी धरते. तू जेव."

आई अडुसष्ट वर्षांची आहे. तिची पाठ गेल्या काही वर्षांत वाकली आहे आणि तिची हाडंही कुणी तपासलेली नाहीत. मी म्हटलं, दुपारपर्यंतच धर. नाही म्हणाली. मग निदान एक वेळ दूध घे.

"मारुतीशी घासाघीस करतोस होय रे?"

"तुझ्याशी करतोय."

"घेईन दूध," ती म्हणाली. "एक पेला."

शनिवारी सकाळी मानसीने तूप लावलेल्या दोन चपात्या घरून आणून समोर ठेवल्या. पहिला घास तोंडात फिरत राहिला. कॅप्सूल गिळल्या, पुडी दुधात ढवळून प्यालो.

अडीच महिन्यांनी सलाइन मिळालं. त्यानंतर दोन दिवस ताप आणि हाडं आतून कुणी पिळावीत तशा कळा. पुढचा डेक्सा वर्षाने. तो काय सांगेल ते मला माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही.

आता दर शनिवारी चपाती खाऊन झाली की मी उशी आवळून बसतो आणि खोकतो. त्याच सुमारास कोल्हापुरात आई दुधाचा पेला घेऊन बसली असेल असं धरून चालतो. मी तिला विचारत नाही.