व्यंकटच्या जीपची डावी काच

व्यंकट गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरला नातीच्या खोलीवर होतो. ती क्लासला गेलेली आणि मी पंखेवाल्याची वाट बघत बसलेलो. फोनवर व्यंकटचा धाकटा, संतोष. "काका, बापू गेले," एवढंच बोलला आणि फोन ठेवला. मी खोलीला कुलूप घातलं आणि स्टँड गाठला. मुखेडची गाडी मिळाली, तिथून त्याच्या गावापर्यंत एका ओळखीच्या माणसाच्या मोटारसायकलवर गेलो. पोचलो तोवर तिरडी उचललेली. शेतापर्यंत खांदा दिला आणि चारचौघांत ढसाढसा रडलो... व्यंकटच्या थोरल्या भावानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्या दिवशी कुणी मला व्यंकटवर लिही म्हटलं असतं, तर मी एका बैठकीत लिहून दिलं असतं. आणि त्यातला माझा सगळ्यात आवडता भाग खोटा निघाला असता.

मी पेंटर. म्हणजे भिंतीवर, पत्र्यावर, नंबरप्लेटवर अक्षरं काढणारा. फ्लेक्स येईपर्यंत मुखेडातल्या कितीतरी दुकानांच्या पाट्या माझ्या हातच्या होत्या. व्यंकट मला नावानं कधी बोलावत नसे, पेंटरच म्हणायचा. आमची ओळख दुष्काळातली. बाजारच भरत नव्हता, तर पाटी कोण रंगवून घेणार? मग मीही इतरांसारखा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेलो. तिथं पाण्याचे दोन माठ असायचे. कुणी नियम सांगितला नव्हता, सांगायची गरजही नव्हती. आमच्या बौद्धवाड्यातली माणसं एका माठाकडं जायची, बाकीचा गाव दुसऱ्याकडं. व्यंकटच्या घरी चांगली जमीन होती, पण त्या साली जमीन असून नसून सारखीच, म्हणून तोही हातोडी घेऊन आमच्यात बसलेला. एका दुपारी तो सरळ आमच्या माठाकडं आला, तांब्या बुडवला, घटाघटा प्याला आणि तोंड पुसत मला म्हणाला, "तुमचं पानी लई गार हाय की रे. आमच्यात निसता गाळ." माणसं बघत राहिली. त्यानं भाषण केलं नाही, मोठेपणा मिरवला नाही. तहान लागली म्हणून प्याला, हेच मला आवडलं. त्या दिवसापासून आम्ही एकमेकांचे झालो.

पुढं काही वर्षांनी त्यानं सरकारी लिलावातून एक जुनी जीप आणली. जीप कसली, खुळखुळाच तो. पण त्याच सुमारास लातूर वेगळा जिल्हा झाला आणि माझ्या धंद्याला भरती आली. शाळा, सोसायट्या, दुकानं, ट्रकांची फाळकी... जिथं जिथं 'जि. उस्मानाबाद' होतं तिथं 'जि. लातूर' करायचं होतं. व्यंकट मुखेडहून लातूरकडं शिटा वाहायचा आणि मला, माझ्या डब्यांना, शिडीला अहमदपूर नाहीतर चाकूरला सोडून पुढं जायचा. त्या जीपला समोर एकच सलग काच नव्हती, मधल्या दांडीच्या दोन बाजूंना दोन सपाट काचा होत्या. रंगकाम माझ्याकडंच होतं. बोनेट झाल्यावर काचेवर वरच्या पट्टीत काय लिहू, म्हणून विचारलं. म्हणाला, "उजव्या काचंवर माझा देव लिही. डावीवर तुझं. तू तिकडंच बसतूस न्हाई का." मी म्हटलं, "गावात चालेल?" तर म्हणाला, "जीप माझी हाय का गावाची?" मी उजवीकडं 'श्री बालाजी प्रसन्न' लिहिलं आणि डावीकडं निळ्या रंगात, पांढऱ्या कडेनं, 'जय भीम'.

एकदा शिरूर ताजबंदच्या पुढं समोरच्या ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला आणि उजव्या काचेला तडा गेला. लातूर येईपर्यंत तो काचेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पोचला होता. एवढ्या जुन्या जीपची तयार काच कुठून मिळणार? दुकानदारानं जाड काच मापानं कापून दिली आणि बसवायला आम्हा दोघांनाच जुंपलं. काचेभोवती रबर चढवायचं, रबराच्या खाचेत सुतळी फिरवायची, मग एकानं बाहेरून काच दाबून धरायची आणि दुसऱ्यानं आत बसून सुतळी हळूहळू ओढायची, म्हणजे रबर चौकटीवर चढत जातं. व्यंकट बाहेरून दाबत होता, मी आत. "दमानं वढ, पेंटर, दमानं! सुतळी तुटली तर पुन्ना पयल्यापसून!" काच बसली आणि तिथंच उभ्या उभ्या मी त्याचा बालाजी परत लिहून दिला. "तुझ्या देवाचं नाव लांबलचक, माझा ब्रश झिजतो," असं मी त्याला चिडवलं, आणि तो रस्ताभर हसत होता.

त्यानंतर वर्षभरानं त्याच्या बहिणीचं लग्न ठरलं. मांडवाच्या कमानीवर 'सुस्वागतम्' लिहायला मी गेलो, तर दारात जीप उभी आणि तिची डावी काच कोरी करकरीत. मी बघतच राहिलो. व्यंकट घाईघाईनं जवळ आला. "डावी बी गेली रे... अहमदपूरच्या अलीकडं दगड उडाला. लगीनघाई, म्हनून परस्पर लातूरला बसवून आलो." लग्नघरात त्याला हा ताप झाला, याचंच मला वाईट वाटलं. मी म्हटलं, "दगड तरी बरा, दोघांना सारखं वागवलं." तो हसला. म्हणजे मला तसं आठवतं. आता नीट आठवायला बसलो की तो हसला होता का, याची खात्री देता येत नाही. मी लगेच ब्रश काढला तर म्हणाला, "रबर बसू दे." मग लग्न होऊ दे, मग पाऊस उघडू दे, असं करता करता ती जीपच त्यानं विकून टाकली. त्या काचेवर मी पुन्हा काही लिहिलं नाही.

पण बोललो मात्र खूप. आमच्या वाड्यातल्या जयंतीला, शाळेतल्या मुलांपुढं, लेकींच्या सासरी, जिथं संधी मिळेल तिथं मी व्यंकटच्या जीपची गोष्ट सांगत आलो. एकाच गाडीवर दोन काचा, दोघांच्या दोन ओळी, आणि एका दगडानं घात केला नसता तर ती ओळ शेवटपर्यंत राहिली असती, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगायचो. जन्मभर सांगितलं. व्यंकट कित्येकदा समोरच बसलेला असायचा, पांढरी टोपी मांडीवर ठेवून. लोक टाळ्या वाजवायचे आणि तो खाली बघायचा. मला वाटायचं, लाजतोय.

त्याला जाऊन महिना होत आला तेव्हा वहिनींचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, निरोप आला. गोठ्याचा माळा साफ करत होते, तुमची एक वस्तू आहे, येऊन घेऊन जा. मला वाटलं, एखादा ब्रश नाहीतर जुनी शिडी असेल. वहिनींनी ओसरीवर पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी आणून ठेवलं. सोडलं तर काच. जीपची काच, काळं रबर अजून कडेला चिकटलेलं, आणि वर निळ्या अक्षरांत 'जय भीम'. माझंच अक्षर. पांढरी कडही जागच्या जागी. मी खुळ्यासारखा विचारलं, "ही तर फुटली होती ना?"

वहिनी पदराशी चाळा करत म्हणाल्या, "न्हाई हो भाऊ. थोरले भावजी अडून बसले. नवरदेव असल्या गाडीत बसून मारुतीला जानार न्हाई, पाव्हने उठून जातील म्हनले. लई भांडन झालं. मग हे आन् भावजी दोघं लातूरला गेले आन् काच बदलून आले."

"नुसतं पुसायचं ना. रॉकेलच्या चिंधीनं निघालं असतं."

"मी बी तेच म्हनलं. तर म्हनले, पुसलं तर पेंटरला काय सांगू? फुटली म्हनलं की दगडावर जातंय."

"आणि तुम्हाला हे सगळं ठाऊक होतं?"

"हाव," वहिनी म्हणाल्या. "फेकून द्या म्हनलं तर त्ये बी करंनात. हात उचलत न्हाई म्हनायचे."

चहा तसाच ठेवून मी काच पुन्हा पोत्यात गुंडाळली. पाहुण्यांपुढं तो नमला, याचा मला एवढा राग नाही. आमच्या भागात चांगली चांगली माणसं नमतात, लग्नात तर नमतातच. त्यानं येऊन सांगितलं असतं, पेंटर, माझं घर ऐकत नाही, तर मी भांडलो असतो, आठ-पंधरा दिवस बोललो नसतो, कदाचित त्याच्या बहिणीकडं बघून स्वतःच्या हातानं पुसूनही दिलं असतं. ते माझं मी ठरवलं असतं. त्यानं मला भांडूही दिलं नाही. चांगली काच काढून दुसरी बसवली, आणि वर जन्मभर मलाच त्याच्या चांगुलपणाची दवंडी पिटू दिली. त्या घरात थोरल्या भावाला ठाऊक होतं, वहिनींना ठाऊक होतं, बहुधा साऱ्या भावकीला होतं. गाडीच्या डाव्या बाजूला बसणाऱ्या मला तेवढं नव्हतं. मला फसवलं गेलं आणि फसवणाऱ्यानंच त्याचा पुरावा जपून ठेवला. आता याचं मी काय करायचं? काच फोडली नाही म्हणून त्याचे आभार मानायचे? लोक म्हणतील, मेलेल्या माणसावर राग धरू नये. धरू नये हे मलाही कळतं, पण राग जात नाही. जिवंत असता तर त्याच्या दारात जाऊन शिव्या घातल्या असत्या, त्यानं ऐकून घेतल्या असत्या, आणि मग कदाचित राग गेला असता.

काच मी घरी आणली, दुसरं काय करणार होतो. अंगणात बाजेवर आडवी ठेवली, ओल्या फडक्यानं धूळ पुसली, अक्षरांना पाणी लागू दिलं नाही. मग एका कडेपासून नख फिरवत गेलो, दुसऱ्या कडेपर्यंत, पुन्हा मागं, मग काच उलटी करून पुन्हा. बायको दारातून कधीची बघत होती. शेवटी म्हणाली, "अहो, काय शोधून राहिलात?"

म्हटलं, "तडा. केसाएवढा सापडला तरी बस झालं."

ती येऊन शेजारी बसली. अंधार पडेपर्यंत शोधला... काच अखंड होती.