कंसातली नावं

“मी सांगतो आणि ती उतरवून घेते. बस, एवढंच तिचं काम,” पडद्यापलीकडे काका म्हणाले.

“पण इटलीतली एवढी माहिती तुम्हाला मिळते तरी कुठून हो?” एका बाईंचा आवाज आला.

“वाचन, वहिनी! वाचन लागतं माणसाला.”

“आणि त्या मुलीला कळतं का त्यातलं काही?”

“अक्षर छान आहे तिचं,” काका म्हणाले, आणि दोनतीन जण हसले.

मी पडद्याच्या अलीकडे होते. हातात फ्लॅनेलचं फडकं होतं आणि समोर टेबलावर रेकॉर्ड-प्लेअर. ती गुरुवारची संध्याकाळ होती, आमच्या मराठी मंडळाची. एका शाळेचा हॉल आम्हाला महिन्यातून एकदा मिळायचा. थोड्याच वेळात पडदा बाजूला होणार होता आणि काका माइकसमोर उभे राहून इटालियन गाण्यांवरचा लेख वाचणार होते. तो लेख पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मी लिहिला होता. कुणी सांगितला नव्हता, मी उतरवून घेतला नव्हता. तरी मी फडकं गोल फिरवत राहिले. रेकॉर्ड केव्हाच स्वच्छ झाली होती.

काका म्हणजे आमच्या ऑफिसचे सुपरिंटेंडंट. कुवेतमध्ये, शुवैख बंदराच्या भागात, एका कंत्राटदार कंपनीत मी टायपिस्ट होते. ऑफिसात ते साहेब असायचे आणि गुरुवारी काका व्हायचे. मूळचे पुण्याचे. आवाज भारदस्त, बोलणं घोटीव. मला नोकरी मिळाली ती त्यांच्या शब्दावर. माझे अब्बा रत्नागिरीकडचे, इथल्या बंदरात माल सोडवायचं, क्लिअरिंगचं काम करायचे. तिथेच त्यांची आणि काकांची ओळख झालेली. मी मुंबईला मामूंकडे राहून इंग्रजी शाळेत शिकले, मग टायपिंग आणि शॉर्टहँड करून इथे आले. मराठी मी शिकले घरात बोलून आणि अम्मीकडे बोटीने येणारी जुनी मासिकं वाचून. त्यामुळे लिहिताना माझं मराठी साधं येतं. काकांनी एकदा ते पाहून म्हटलं होतं, “अलंकार नाहीत, पण चालेल.”

इटालियन गाणी माझ्याकडे आली ती दुपारच्या सुट्टीत. उन्हाळ्यात ऑफिस एक ते चार बंद असायचं. सगळे घरी जाऊन झोपायचे. मला घरी सोडून परत आणायला गाडी नव्हती, म्हणून मी टेबलाशीच डबा खाऊन बसून राहायचे. शेजारच्या खोलीत पाइपलाइनचे नकाशे काढणारे एक इटालियन गृहस्थ होते, साठीला टेकलेले. सगळे त्यांना सिन्योर म्हणायचे. तेही दुपारी घरी जात नसत, कारण घरी कुणी नव्हतं. त्यांच्याकडे सूटकेससारखा एक रेकॉर्ड-प्लेअर होता. कागदावर पट्टी ठेवून ते रेघ मारायचे आणि बाजूला कुणीतरी जीव तोडून गात असायचं.

पहिले काही आठवडे मी भिंतीअलीकडून ऐकलं. मग एक दिवस त्यांनी दारातून विचारलं, “मिस, मोठा आवाज त्रास?” मी मान हलवली. ती नाही अशी होती, पण त्यांनी ती हो अशी घेतली आणि गाणं बंद केलं. मग मला उठून जावंच लागलं.

घरी मी हे लपवलं नाही. अब्बांनी एकच अट घातली: दोन्ही खोल्यांमधलं दार सताड उघडं राहील आणि ऑफिसचा म्हातारा फराश, म्हणजे शिपाई, दारात बसेल. फराश बसायचा आणि पाच मिनिटांत घोरायला लागायचा. सिन्योर एकेक ओळ मोडक्या इंग्रजीत सांगायचे, मी शॉर्टहँडमध्ये टिपून घ्यायचे. उतरवून घेणं म्हणतात ते हे. ते मी सिन्योरचं बोलणं टिपताना केलं, आणि माझ्या वहीत कोण काय बोललं ते स्पष्ट लिहिलेलं आहे.

त्यांनी मला सांगितलं की त्यांच्या देशात दर हिवाळ्यात समुद्राकाठच्या एका गावात नव्या गाण्यांची स्पर्धा होते, आणि अख्खा देश रेडिओला कान लावून बसतो. तिथे एकेक गाणं दोनदा म्हणतात. एकाच रात्री, दोन वेगळ्या गायकांनी, दोन वेगळ्या पद्धतीने.

“दोनदा कशाला?” मी विचारलं.

“बक्षीस गाण्याला,” सिन्योर म्हणाले. “गळ्याला नाही. गळे दोन, गाणं एक.”

त्यांच्याकडे अशा काही जोड्या होत्या. एका गाण्यात एक बाई अशी गायची की जणू सामान बांधून निघालीच आहे. तेच गाणं एक पुरुष गायचा तेव्हा तो विनवणी करत असायचा. शब्द तेच होते. मी त्या दोन रेकॉर्डी आलटून पालटून इतक्या वेळा ऐकल्या की फराशसुद्धा ते गुणगुणायला लागला.

मग त्यांनी मला रेकॉर्डच्या मधल्या गोल कागदावरची बारीक अक्षरं दाखवली. मोठ्या अक्षरांत गायक. त्याखाली गाण्याचं नाव. त्याच्याही खाली, कंसात, ज्यांनी गाणं लिहिलं आणि चाल लावली त्यांची नावं. तोवर मी कधी ती वाचली नव्हती. त्यानंतर मी आधी तीच वाचायला लागले.

अलीकडे तिकडे काही तरुण मुलं पुढे आली होती, सिन्योर ज्या बंदराच्या शहरातले होते तिथलीच. त्यांच्या रेकॉर्डींवर वरचं नाव आणि कंसातलं नाव एकच असायचं. स्वतः लिहायचं, स्वतः चाल लावायची, स्वतः गायचं. तिकडे त्यांच्यासाठी एक नवा शब्दही निघाला होता, कांताउतोरे. त्यातल्या एकाचा आवाज खरं तर फाटका होता. मी तसं म्हटलं.

“हो, आवाज वाईट,” सिन्योर खुशीत म्हणाले. “पण पाहा, कुणाकडे मागत नाही. त्याचंच आहे.”

पण कंसातही नेहमी खरं नाव असेलच असं नव्हतं. तिथे गाणं स्वतःच्या नावावर नोंदवायचं तर आधी परीक्षा द्यावी लागे. ज्यांनी ती दिलेली नसे त्यांची गाणी भलत्याच्याच सहीने नोंदली जात. हे सांगताना सिन्योरनी एक जुनी रेकॉर्ड काढली. तरुणपणी ते एका वाद्यवृंदात कॉन्ट्राबास, म्हणजे माणसाएवढं उंच व्हायोलिन, वाजवायचे. त्या गाण्याचे शब्द त्यांचे होते, म्हणाले. कंसात त्यांच्या बँडमास्टरचं नाव होतं.

“तुम्ही काय केलं?”

“काही नाही. तो मोठा माणूस. मला वाजवायला त्यानेच घेतलं होतं.” ते हसले. “मग इकडे आलो. पाइप काढतो.”

हे खरं होतं की नाही, मला आजही माहीत नाही. मला राग आला तो त्या हसण्याचा. चारला ऑफिस उघडल्यावरही मला टाइप करता येईना.

त्याच सुमारास काका मंडळासाठी काहीतरी नवं शोधत होते. नाट्यगीतं झाली होती, भावगीतं झाली होती, सिनेमाची गाणी तर दर वेळी व्हायची. सिन्योरच्या खोलीतले सूर त्यांच्या कानावर होतेच. “तू तिथं बसतेस ना, दोन ओळी माहिती लिहून दे,” ते म्हणाले. मी चार पानं लिहून दिली. गुरुवारी त्यांनी ती वाचली, आणि हॉल खूश झाला. “काका, इटलीला कधी जाऊन आलात?” “अहो, आमच्या काकांना काय अशक्य आहे!” मी रेकॉर्ड-प्लेअरच्या मागे उभी होते. सुई ठेवायची, सुई उचलायची. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही आणि काकांनीही पाहिलं नाही. मला वाटलं, विसरले असतील. दुसऱ्या महिन्यातही विसरले. तिसऱ्या महिन्यात त्यांनी कार्यक्रमपत्रिका छापायचं ठरवलं. म्हणजे स्टेन्सिल मी कापायची आणि ऑफिसच्या सायक्लोस्टाइलवर साठ प्रती काढायच्या. त्यांनी मजकूर दिला. त्यात ‘लेखन आणि निवेदन’ यापुढे त्यांचं नाव होतं.

स्टेन्सिल कापताना मशीनची रिबन बंद करतात. अक्षर कागदावर उमटत नाही, मेणाच्या पापुद्र्याला भोक पडतं. तुम्ही काय ठोकताय ते नीट दिसतही नाही. मी त्यांचं नाव ठोकलं, एकही चूक न करता. माझी चूक होत नाही, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं.

त्या दिवशी घरी गेल्यावर मी अब्बांना सांगितलं, “तो लेख मी लिहिलाय.”

“मला माहीत नाही होय गो? रात्रभर बत्ती कुणाच्या खोलीत जळत होती?”

“मग तुम्ही सांगा त्यांना.”

अब्बा बराच वेळ बूट पुसत राहिले. “त्यांनी शब्द टाकला म्हणून तू तिथं बसलीस. दोन टाळ्या त्यांना मिळाल्या तर आपलं काय गेलं? तोंड उघडलंस तर नोकरी जाईल, आणि उद्या बंदरात मी कुठल्या तोंडाने त्यांना सलाम करू?”

“आणि माझं?”

“तुझं काय? तू तर बोलतच नाहीस,” अब्बा म्हणाले. लागेल असं काही त्यांना म्हणायचं नव्हतं. ते फक्त जे दिसत होतं ते सांगत होते.

इथेच सांगून टाकते, ती नोकरी आता राहिली नाही. मी दुसरीकडे टाइप करते, पगार थोडा कमी आहे. हे वाचून कुणी हळहळू नये. मी हळहळत नाही.

तर पडदा बाजूला झाला. हॉल भरला होता. पहिल्या रांगेत सिन्योर होते, पांढऱ्या कोटात. काकांनी त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं होतं. मागे भिंतीशी अब्बा उभे होते. काकांनी वाचायला सुरुवात केली. फार छान वाचत होते, हे मी कबूल करते. दोन गायक, एक गाणं, हे मी लिहिलं होतं तिथे ते थांबले, बरोबर जिथे थांबायला हवं तिथेच. सामान बांधणारी बाई गाऊन गेली, विनवणारा पुरुष गाऊन गेला. लोक माना डोलवत होते. सिन्योरच्या स्वतःच्या गाण्याची रेकॉर्ड मी लावली नाही. त्यांनीच नको म्हटलं होतं.

शेवटी मी एक गंमत ठेवली होती. एक इटालियन रेकॉर्ड, आणि तिच्यानंतर एका हिंदी सिनेमातलं गाणं, त्याच चालीचं. ते त्या वर्षी घराघरात वाजत होतं. लेखात मी लिहिलं होतं की इटालियन गाणं आधीचं आहे, आपल्या संगीतकाराने चाल तिथून घेतली, आणि आपल्या रेकॉर्डवर मूळ माणसाचं नाव कुठेही नाही.

इटालियन रेकॉर्डच्या दोन ओळी झाल्या नाहीत तोच हॉलमधून ओरडा उठला.

“अरे, ही तर आपली चाल!”

“उचलली की राव! दिवसाढवळ्या!”

“काका, पाहुण्यांना बिल लावा!”

हशा पिकला. काकांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग हॉलकडे पाहिलं. तेवढ्या एका क्षणात ते काय करणार हे मला कळलं. त्यांनी कागद दुमडला.

“मंडळी,” ते माइकमध्ये म्हणाले, “आपलं संगीत कुठवर पोचलंय पाहा. इटलीवाल्यांनासुद्धा आपल्याच दारात यावं लागलं. तेही मागच्या दाराने!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. सिन्योरना त्यातला ‘इटली’ एवढाच शब्द कळला. ते उभे राहिले, छातीवर हात ठेवून सगळ्यांकडे वळले आणि वाकले. लोक आणखीच हसले. सिन्योरना वाटलं, आपल्याला दाद मिळतेय. तेही हसले. तेच हसणं, जुनी रेकॉर्ड दाखवतानाचं.

मी सुई उचलली.

गाणं मध्येच तुटलं. काकांनी मान वळवून मला खूण केली, पुढची लाव. मी लावली नाही. मागे भिंतीशी अब्बांनी मान नाही अशी हलवली. मी ती स्पष्ट पाहिली. माइक काकांकडे होता, म्हणून मला ओरडावं लागलं, आणि मी याआधी कधी ओरडले नव्हते.

“काका, तिथे असं लिहिलेलं नाही. चाल यांची आहे, आधीची आहे, आपल्या माणसाने घेतली आणि नाव लिहिलं नाही. मला माहीत आहे, कारण लेख मी लिहिलाय. आजचा, आणि मागचे दोन्ही. कागद द्या इकडे. पुढचं मी वाचते.”