मामाजींसमोर उघडं डोकं

आमच्या घरी सून सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर पडू देत नाही. रिसोडजवळच्या त्या घरात इतकी वर्षं नांदूनही मी मामाजींशी, म्हणजे सासऱ्यांशी, कधी समोरासमोर बोलले नव्हते. चहा हवा असला की ते माझ्या लेकाला सांगायचे, "तुह्या मायले सांग, चाय ठेव."

माझ्या डोक्यात गाठ निघाली. नाकावाटे ऑपरेशन करून ती काढली, पण डोळ्यांच्या नसांजवळ थोडी उरलीच. तिच्यावर किरणं देण्यासाठी अकोल्याला राहायचं ठरलं. घरी सोयाबीनची सोंगणी चालू होती, नवऱ्याला निघता येईना. सोबत मामाजी आले.

किरणं देताना डोकं हलू नये म्हणून आधी चेहऱ्याचा मुखवटा करायचा होता.

"टिकली, मंगळसूत्र काढा. अंबाडा सोडा," दवाखान्यातली मुलगी म्हणाली. "पदरही खाली घ्या."

दार सताड उघडं होतं आणि समोरच्या बाकावर मामाजी बसलेले. मी पदर खाली घेतला तसं त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. माझे कान तापले. मग त्या मुलीनं गरम पाण्यातून काढलेली मऊ जाळी माझ्या तोंडावर ताणून बसवली. थंड होत होत ती चेहऱ्यावर घट्ट झाली. ती तशीच ठेवून स्कॅन काढला.

काही दिवसांनी डॉक्टरांनी आम्हा दोघांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. "ही लाल दिसते ती गाठ. या हिरव्या, डोळ्यांच्या नसा. मशीनमधल्या धातूच्या पट्ट्या सरकून नसांच्या आड येतात, म्हणजे किरणं गाठीवरच पडतात. पण डोकं जरासुद्धा हलता कामा नये. काही वाटलं तर हात वर करा, आम्ही मशीन थांबवू."

माझं डोकं आतूनही मामाजींसमोर उघडं पडलं होतं. मी खाली मान घातली.

"पोरीची नजर राहीन ना, डाक्टर?" मामाजींनी विचारलं. सून म्हणाले नाहीत.

किरणांच्या पहिल्या दिवशी मला सकाळपासून लघवीला जायचं होतं. संडास कुठे आहे हे मामाजींना कसं विचारणार? तशीच टेबलावर जाऊन झोपले. मुखवटा टेबलाला आवळला, मशीन डोक्याभोवती फिरू लागलं. हात वर केला तर डोकं हलेल, नसा उघड्या पडतील, असं वाटलं. मी हात उचलला नाही. टेबलावरच झालं.

"ताई, हात वर करायचा ना!" ती मुलगी म्हणाली. ओल्या लुगड्यानं मी दारामागे उभी राहिले. मामाजींना काय ते कळलं असावं. खांद्यावरचा दुपट्टा काढून त्यांनी तिच्या हातात दिला. "तिले गुंडाळाले दे."

बाहेर आल्यावर ते पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलले. "मले सांगाले काय झालं होतं?"

"लाज वाटली."

"लाजेपायी डोये गमावशीन काय?"

दुसऱ्या दिवसापासून ते संडासाकडच्या बोळात थांबून, दुसरीकडे पाहत म्हणायचे, "जाऊन ये आधी." रोज मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. रोज मी जायचे.

नजर राहिली. कानशिलाजवळचे केस मात्र गेले. घरी नवऱ्यानं विचारलं तेव्हा मामाजी एवढंच म्हणाले, "काई तरास नाई झाला." त्या दिवसाचं त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तरी त्यांना ताट वाढताना मी पदर आणखी पुढे ओढते.

मागच्या तपासणीच्या वेळी नवरा म्हणाला, "या टायमाले मी येतो."

"मामाजीलेच येऊ द्या," मी बोलून गेले, आणि लगेच चुलीकडे तोंड फिरवलं.