तोंडात बसणारा नंबर

सरकीचा वास आला की पांढरकवड्याचं माझं जिनिंगचं ऑफिस आठवतं. कापसाचे सौदे फोनवर व्हायचे, म्हणून धंद्यासाठी टेलिफोनच्या लाइनी मिळवून देणारा एक दलाल मी गाठला. "भाऊ, व्यापाऱ्यायच्या तोंडात बसंल असा नंबर देतो तुमाले," तो म्हणाला. लाइन लागली, आम्ही फोनला हळदकुंकू वाहून नारळ फोडला. त्या साली बोंडअळीनं कापूस खाल्ला. मशीन थंड, मजूर गावी. मी एकटाच फोनसमोर बसून असायचो. एका दुपारी घंटी वाजली, तर दलालच. "लाइन चालू आहे का, पाहून राह्यलो." "चालू आहे. पण ठेवू नका भाऊ, बोला जरा," मी म्हणालो. जिनिंग कधीच विकलं. तो नंबर मात्र खरंच तोंडात बसला, माझ्या एकट्याच्या.