मामाचा क्षमेचा सीन

अंधेरी पूर्वेला आमचं गावठाण. आम्ही पोर्तुगीजांच्या वेळेपासूनचे ख्रिस्ती, घरात मराठी बोलणारे, दारात केळी नि कोंबड्या. आणि ऐंशीच्या दशकात, रंगीत टीव्ही नुकता आला होता तेव्हा, एक सिनेमावाला आला आणि त्याने आम्हालाच रानटी ठरवलं. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

हा माणूस कुठल्याशा धार्मिक मंडळातर्फे सिनेमे काढायचा. ते गावोगावच्या चर्चमध्ये पडदा लावून फुकट दाखवायचे. चर्चच्या हॉलमध्ये त्याने आम्हाला गोष्ट सांगितली. परदेशी पाद्री जंगलात जातो, आदिवासी त्याला भाला मारून ठार करतात. मग पाद्रीची बहीण सातासमुद्रापलीकडून येते आणि खुन्याला क्षमा करते. खुनी तिच्या पायावर पडून रडतो, आणि अख्खा पाडा बाप्तिस्मा घेतो. सांगता सांगता तोच रुमालाने डोळे पुसू लागला. मी मागच्या बाकावर बसून विचार करत होते, की त्या बिचाऱ्या आदिवाशांनी त्याला मारलं तरी का? ते काही त्याने सांगितलं नाही, आणि विचारलं असतं तर मीच वाईट ठरले असते.

आदिवासी हवेत म्हणून तो आधी आमच्या पलीकडच्या वारल्यांच्या पाड्यावर गेला होता. तिथे त्याची निराशा झाली. वारली निघाले टेरिलीनच्या शर्टातले. एकाच्या हातात घड्याळ, एकाकडे ट्रान्झिस्टर, बायका नायलॉनच्या साडीत, आणि कॅमेरा दिसला की सगळे हसत सुटायचे. पाद्रीला मारायचंय म्हटल्यावर ते म्हणे म्हणाले, आम्ही कशाला कोणाला मारू, आम्हाला दुसरी कामं नाहीत का? हे आदिवासी वाटतच नाहीत, असं साहेबांनी ठरवलं आणि तिथून उठून ते आमच्याकडे आले. आमचे बाप्ये शेतात राबून नि कारखान्यात भट्टीपुढे उभे राहून काळे झालेले. ते मात्र साहेबांना एकदम झकास वाटले. म्हणजे ज्यांच्याकडे चारशे वर्षांचा क्रूस, त्यांच्या डोक्याला कोंबड्याची पिसं आणि गळ्यात हाडांच्या माळा. वारली तरी कुठे पिसं लावतात? पण सांगणार कोण! जेवण फुकट, वर गाडीतून न्या-आण, त्यामुळे आमचे लोक हौसेने अंगाला काजळ फासून घेत होते. म्हाताऱ्या तेवढ्या चिडल्या.

खुनी म्हणून निवडलं माझ्या मामाला.

आता मामाचं सांगते. मामा म्हणजे आईचा धाकटा, एकुलता एक भाऊ. घर आमच्यापासून तीन दारं सोडून. दोन्ही घरांची विहीर एक. बाबांनी त्या विहिरीवर मोटार बसवली, मामा म्हणाला कठडा तडकला, आणि त्यावरून दोघं असे भांडले की बोलणंच तुटलं. तेवढं आईने पचवलं असतं. बाप्यांची भांडणं होतात आणि नाताळला मिटतात. पण नाताळच्या आधी बाबा गेले, छातीत कळ येऊन, उभ्या उभ्या. अख्खं गावठाण जमलं. मामा आला नाही. पेटी त्याच्या घरावरून गेली तेव्हा तो वर गॅलरीत उभा होता. आईने मान वर करून त्याला पाहिलं. त्या दिवसापासून तिने त्याच्या घराकडे पाहणं सोडलं. बाजारात जायला सरळ रस्ता असताना ती तबेल्याच्या बाजूने वळसा घालून जायची. आणि पिशव्या कोण उचलायचं? मी.

आणि नेमकं ईस्टरनंतर माझं लग्न ठरलेलं. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीचं पाणी आणतात आणि त्याने नवरीला न्हाऊ घालतात, त्याला उंबराचं पाणी म्हणतात. वरातीत पुढे मामा हवा. सख्खा मामा तीन दारांवर असताना तो दिसला नाही, तर सासरचे काय म्हणतील? बाप नसलेल्या मुलीला मामाही नाही. आईला हे माझ्यापेक्षा जास्त लागत होतं, पण तोंडाने कबूल करेल तर शपथ. तो येऊन बोलला पाहिजे, एवढंच तिचं पालुपद. आणि मामा तोंड उघडायला तयार नाही. मी दोघांच्या मध्ये लटकलेली.

बरं, गप्प बसतील ते शेजारी कसले! क्षमा कर गं, क्षमा कर, म्हणून प्रत्येक बाई दारात उभी. फादरही उपवासकाळात दर रविवारी क्षमेवरच बोलायचे, आणि बोलताना नजर आईच्या बाकावर. क्षमा मागण्यावर त्यांनी एकदा तरी बोलावं, असं मला फार वाटायचं. सिनेमा तयार झाल्यावर तर फादरना आयतंच सापडलं. आपला भाऊ पडद्यावर रडताना दिसला की ह्या बाईचं काळीज विरघळणार, अशी त्यांची खात्री. त्यांनी पहिला खेळ आमच्याच चर्चच्या आवारात ठेवला आणि आईसाठी पुढची खुर्ची राखली.

गुड फ्रायडेच्या आधीचा रविवार. संध्याकाळी दोन माडांना चादर बांधली, प्रोजेक्टर लागला. सिनेमा म्हणजे वैताग होता. पाद्री गोरा नव्हताच, वांद्र्याचा कोणीतरी पीठ लावून उभा केलेला. आमचे लोक भाले घेऊन नाचत होते आणि प्रत्येक नाचणाऱ्याला प्रेक्षक नावाने हाका मारत होते. पाड्यावरचे दोन-चार वारलीही बघायला आले होते. त्यातल्या एका म्हाताऱ्याने मला विचारलं, की हे कुठल्या देशातले लोक? मी म्हटलं, आमचेच.

मग शेवटचा सीन आला. पांढऱ्या झग्यातली बहीण पाड्यात आली. मामा समोर उभा, पिसं लावून. तिने हात पुढे केला, आणि मामा गुडघ्यावर बसला. तिचे पाय धरून, कपाळ तिच्या पायाला लावून असा ढसाढसा रडला, की आवारात सगळ्यांचे पदर डोळ्यांना गेले. खोटं कशाला बोलू, मीही रडले.

मी आईकडे पाहिलं. तिचे डोळे कोरडे. चेहरा असा, की मला वाटलं हिला फिट येणार. ती उठली. प्रोजेक्टरच्या उजेडातून तिची सावली पडद्यावर मामाच्या अंगावरून गेली. फादर मागे धावले, तर त्यांच्याकडे न बघता ती म्हणाली, "म्हणजे रडता येतं त्याला. परक्या बाईच्या पायावर पडता येतं."

झालं! वाट लागली सगळ्याची. फादरना वाटलं होतं क्षमा उगवेल, आणि उगवलं हे. मी त्या सिनेमावाल्याला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या, की मला फादरपुढे पापाच्या कबुलीजबाबाला जावं लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी चर्चमधली सकाळची मिस्सा सुटली आणि आई तबेल्याकडे वळली नाही. सरळ रस्त्याने निघाली. मी तिच्या मागे. मामाच्या अंगणात जाऊन ती उभी राहिली. मामा पायरीवर बसून दाढी करत होता. बहिणीला बघून वस्तरा हातातच राहिला. अर्ध्या तोंडाला साबण.

"तिच्यापुढे रडलास तसा इथे रड," आई म्हणाली.

मामाने वस्तरा खाली ठेवला. मग मान खाली घालून म्हणाला, "डोळ्यांत ग्लिसरीन घातलं होतं गं, बाय. आणि काय बोलायचं ते तो सिनेमावाला बाजूला उभा राहून सांगत होता. तुझ्यापुढे काय बोलू ते मला कोण सांगणार? मी रोज ठरवतो आणि रोज राहतं."

मला वाटलं, संपलं. आता ही पाठ फिरवणार. पण आईने पदर खोचला, जशी मासळी साफ करायला बसताना खोचायची, आणि म्हणाली, "मी सांगते. बोल. मी आलो नाही."

"मी आलो नाही," मामा म्हणाला.

"बोल. मी वर उभा राहून बघत होतो."

"मी वर उभा राहून बघत होतो."

"बोल. माझ्या बहिणीचा नवरा गेला, आणि तिला धरायला," एवढं म्हणाली आणि आईचाच आवाज गेला. पुढचं वाक्य तिला येईना. मामा तिच्या तोंडाकडे बघत थांबून राहिला. मग त्याचं त्यानेच पुरं केलं, "तिला धरायला तिचा भाऊ नव्हता."

आई पायरीवर बसली, त्याच्या शेजारी. दोघं रडली, आणि त्या रडण्याला काही सिनेमाची शोभा नव्हती. मामाचा साबण ओघळून आईच्या मिस्साच्या साडीला लागला. मामी आतून पाणी घेऊन आली आणि दारातच थबकली.

घरी परतताना मी हरखून गेले होते. म्हटलं, आई, शेवटी क्षमा केलीस ना? फादरना सांगते, खूश होतील.

आई रस्त्यात थांबली आणि माझ्यावरच डाफरली. "क्षमा अजून केली नाही. लग्नाला बोलावलंय फक्त."