खिल्लारे गुरुजींच्या डोक्याची तपासणी

शाळेत किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. मधल्या सुट्टीत डबे उघडले की भाजीबरोबर एखादा बाहेर पडतो, दुसऱ्या दिवशी त्याला कुणीतरी दुसरा जोडतो, आणि बघता बघता पोतंभर होतात. पुढे ते इतके मुरतात की घडले तेव्हा आपण घाबरलो होतो हे सांगूनही कुणाला पटत नाही. खिल्लारे गुरुजींच्या तपासणीचे किस्से त्यातलेच. आज सांगताना आम्ही हसतो. तेव्हा मला अन्न गोड लागत नव्हतं!

सत्तर सालानंतरची गोष्ट. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. नरसीच्या रस्त्यावरच्या एका गावात आमची शाळा. हेडमास्तर, जाधव गुरुजी, खिल्लारे गुरुजी आणि मी एकटी बाई, एवढाच स्टाफ. खिल्लारे गुरुजी गणिताचे. आवाज असा खणखणीत, की त्यांनी चौथीला पाढा विचारला तर पलीकडून पहिलीची पोरं उत्तर द्यायची.

एका सकाळी समोरून उधळलेले बैल आले आणि गुरुजी सायकलसकट पुलाच्या दगडावर पडले. डोक्याला मार लागला. टाके पडले, निघाले, जखम भरली, गुरुजी कामावर हजर झाले. आणि पहिल्याच दिवशी त्यांनी तीनदा हजेरी घेतली!

पोरं खूश. तिन्ही वेळा जोरात "हजर" म्हणून ओरडली. आम्ही मात्र एकमेकांची तोंडं बघायला लागलो. बातमी वरपर्यंत गेली, आणि वरून हुकूम आला: औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात डोक्याची तपासणी करून कागद आणा, तोवर वर्गावर जायचं नाही. कागद चांगला आला तर नोकरी, नाहीतर घरी. आणि घरात बायको पद्मिनबाई, दोन लेकरं अन् कमावणारं माणूस हे एकच.

*

डोक्याची तपासणी म्हणजे नेमकं काय करतात, हे आमच्यात कुणालाच माहीत नव्हतं. माहीत नसलेलं सांगायला जाधव गुरुजी कायम तयार!

"आधी डोकं पूर्ण भादरतेत," ते म्हणाले. "मंग तारा लावतेत. बटन दाबलं की मनातलं सगळं कागदावर!"

"सगळं?" हेडमास्तरांनी विचारलं. त्यांचा चेहरा जरा उतरलाच.

दुसऱ्या दिवशी खिल्लारे गुरुजी डोक्याचा चकचकीत गोटा करून आले. मी विचारलं, "हे काहून केलं गुरुजी?"

"तिथल्या न्हाव्याचा काय भरोसा बाई? आपल्या माणसाच्या हातानं केलेलं बरं."

संध्याकाळी गावातली चार माणसं त्यांच्या दारात येऊन खाली माना घालून बसली. शेवटी एक म्हातारा खाकरून म्हणाला, "गुरुजी, कोन गेलं म्हनायचं?"

गुरुजींनी डोक्यावरून हात फिरवला. "अजून कोनी न्हाई. औरंगाबादहून आल्यावर सांगतो!"

माणसं हसली, मीही हसले. पद्मिनबाई चहा करायला म्हणून आत गेल्या, त्या लवकर बाहेर आल्याच नाहीत.

*

आता मास्तर लोकांना परीक्षा म्हटली की एकच सुचतं: तयारी! हेडमास्तर तर स्कॉलरशिपच्या पोरांकडून इतकं घोकून घ्यायचे की पोरं झोपेत उत्तरं बरळायची. त्यांनी औंढ्याला जाऊन, अशी तपासणी होऊन आलेला एक माणूस शोधून काढला. त्याला काय काय विचारलं होतं ते सगळं काढून घेतलं आणि परत आले ते छाती पुढे काढून.

"पेपर हाती लागलाय!"

झालं. शाळा सुटली की खिल्लारे गुरुजींचा क्लास. ऐकून परत सांगायची गोष्ट होती, ती पाठ. लक्षात ठेवायचे शब्द होते, ते पाठ. गुरुजी बिचारे पहिलीतल्या पोरासारखे हाताची घडी घालून बसायचे.

मग आकड्यांची पाळी आली. समोरच्यानं आकडे सांगायचे, आपण शेवटाकडून उलटे म्हणायचे. खिल्लारे गुरुजी अडखळले.

"अहो, सोपं तर हाय," जाधव गुरुजी म्हणाले.

"मग तुम्ही म्हणा," हेडमास्तर.

जाधव गुरुजी दोन आकड्यांनंतर गार पडले. मी म्हणायला गेले तर माझा मधलाच एक गळाला. हेडमास्तर चिडून म्हणाले, "ऐका, मी म्हणून दाखवतो," आणि डोळे मिटून उभे राहिले. उभेच राहिले! आपण कोणते आकडे सांगितले होते तेच ते विसरले होते.

जाधव गुरुजी हळूच म्हणाले, "सर, आपन तर सायकलवरून पडलोबी न्हाई."

त्यानंतर आम्हा सगळ्यांनाच धास्ती बसली. हेडमास्तर खिशात किल्ली आहे का ते सारखं चाचपायचे. मी घरी जाऊन काल कोणती भाजी केली होती ते आठवत बसले. नाही आठवली. शेवटी शेजारणीला विचारून आले, तेव्हा जिवात जीव आला.

*

माझी मावशी औरंगाबादला होती, म्हणून सोबत मी निघाले. पूर्णेला गाडी बदलली. गुरुजी खिडकीशी बसून गोष्ट पुटपुटत होते, पद्मिनबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या आणि मी बाहेर बघत होते, कारण त्या दोघांकडे बघवत नव्हतं.

दवाखान्यातल्या त्या खोलीत ना तारा होत्या, ना बटण, ना न्हावी! एक टेबल, त्यावर रंगीत लाकडी ठोकळे, चित्रांचे पत्ते, पेन्सिल, कोरे कागद आणि वेळ मोजायचं घड्याळ. तपासणाऱ्या मॅडम माझ्याहून लहान असाव्यात.

गुरुजींनी टेबलाकडे बघितलं. "मॅडम, हे तर बालवाडीचं सामान हाय!"

"असू द्या," मॅडम हसून म्हणाल्या. "गुरुजी, यात पास-नापास नसतं. काही प्रश्न अगदी सोपे वाटतील, काही इतके अवघड की सगळे कुणालाच येत नाहीत. डोक्याचं कोणतं काम नीट चाललंय आणि कुठं अडतंय, तेवढंच बघायचंय. दिवस जाईल यात. दमलात तर सांगा, थांबू. झोप झाली का? चष्मा आणलाय ना?"

झोप झाली नव्हती. आणि चष्मा गावीच राहिला होता!

मी मुकाट्यानं माझा काढून दिला. गुरुजींनी तो नाकावर चढवला आणि म्हणाले, "मॅडम, हा चष्मा बाईंचा हाय. काई चुकलं तर त्यांच्या नावावर टाका!"

मॅडम खळखळून हसल्या. मी भिंत चाचपत व्हरांड्यात आले आणि पद्मिनबाईंच्या शेजारी बाकावर बसले.

"बाई," त्या म्हणाल्या, "नापास करत न्हाई म्हनतेत. मंग नोकरी कशावरून जाती?"

मी जेवणाच्या डब्याची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

*

उकाड्यामुळे दार उघडं होतं, नुसता पडदा. आतलं सगळं ऐकू येत होतं. ठोकळे छान जमले. मॅडमनी एक आकृती बघून काढायला सांगितली, तीही जमली. इतकी जमली, की गुरुजींनी सवयीनं तिच्याखाली स्वतःच "छान" असा शेरा मारला!

मग मॅडम म्हणाल्या, "आता मी एक गोष्ट वाचते. नीट ऐका, आणि झाली की..."

त्यांनी कागद उचलायच्या आत गुरुजी सुरू झाले. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, खणखणीत, एकही चूक नाही! मी पदराचं टोक तोंडात धरलं.

मग मॅडमचा आवाज आला.

"गुरुजी, तुमच्या शाळेत पेपर फुटला तर काय करता?"

"दुसरा काढतो!" गुरुजी ताठ आवाजात म्हणाले.

"मग मीही दुसरा काढते."

पद्मिनबाईंनी माझा हात घट्ट धरला. मॅडमनी नवी गोष्ट वाचली, एका मेंढपाळाची. हरवलेली मेंढी, नदी, पूर असं काहीतरी. गुरुजींनी त्यातली निम्मीशिम्मी लगेच सांगितली. मला बरं वाटलं. मग पुन्हा ठोकळे झाले, पत्ते झाले, चहा झाला, गुरुजींनी मॅडमना त्यांचं गाव विचारून घेतलं.

"आता गुरुजी," मॅडम म्हणाल्या, "मघाची ती गोष्ट परत एकदा सांगा."

आत कप बशीवर टेकल्याचा आवाज आला. मी मनातल्या मनात म्हणत होते, मेंढी, गुरुजी, मेंढी!

"कोनती गोष्ट, मॅडम?" गुरुजींनी विचारलं.

*

दुपारी जेवायची सुट्टी झाली. आम्ही तिघं लिंबाच्या झाडाखाली बसलो आणि एकाच डब्यातली पिठलं-भाकरी खाल्ली. पद्मिनबाईंनी आग्रह करकरून डबा रिकामा करवला. हात धुतले, तोच मॅडमनी त्यांना आत बोलावलं.

"बाई, तुमी चला संगं," म्हणून त्यांनी मलाही ओढलं. गुरुजी बाहेर बाकावर बसले.

हेडमास्तरांनी निघताना पद्मिनबाईंचीही तयारी करून घेतली होती. काहीही विचारलं तरी एकच म्हणायचं, पहिल्यासारखेच आहेत.

"जुनं सगळं त्यांना पक्कं येतंय," मॅडम म्हणाल्या. "नवं राहत नाहीये. पण इथं माणूस घाबरतो, म्हणून घरातल्या माणसाचं ऐकल्याशिवाय मी लिहीत नाही. खरं सांगा ताई, घरी काही बदल दिसतो?"

"काई न्हाई. पैल्यासारखेच हायेत."

"एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात का?"

पद्मिनबाईंनी पदर सारखा केला. मी मनात म्हणत होते: नाही म्हणा, बाई. एकदा नाही म्हणा, उठा, आपण गाडी पकडू!

"इचारतेत," त्या म्हणाल्या.

"काय विचारतात?"

"'जेवलीस का' म्हून इचारतेत. दिवस उगवल्यापासून मावळंपस्तोर. जेवले म्हनून सांगितलं, तरी घडीभरानं येऊन पुन्हा तेच."

"आणि आधी? मार लागायच्या आधी?"

पद्मिनबाईंनी मान हलवली. "लगीन झाल्यापासून कंदीच न्हाई इचारलं."

मॅडमचं पेन थांबलं. मग त्यांनी सावकाश लिहून काढलं. "नोकरी जाईल असं काही मी लिहीत नाहीये," त्या म्हणाल्या. "सहा महिने रजा लिहितेय. मग परत घेऊन या, परत बघू. अशा माराच्या पुष्कळ माणसांची आठवण हळूहळू सुधारते."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी उठले. पद्मिनबाई उठल्या नाहीत.

"म्याडम, सुधारल्यावर हे इचारनं बंद व्हईन का?"

"होईल, होईल," मॅडमनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "काही काळजी करू नका."

आम्ही पडदा सारून बाहेर आलो. आम्हाला बघून गुरुजी बाकावरून उठले, दोन पावलं पुढे आले.

"जेवलीस का?"

"न्हाई," पद्मिनबाई म्हणाल्या.